सुल्माची दाढ

"सुल्माचे दात सुल्माच्या नंतर दहा वर्षं टिकतील, माझ्याकडून लिहून घ्या," नेल्सनकाका म्हणाले आणि त्यांनी चिमट्यानं जाळीवरचं सॉसेज उचललं. ते सॉसेज नव्हतं, निखारा होता. काकांनी तो ऐटीत लाकडी फळीवर ठेवला आणि कापायला सुरी शोधू लागले. फळी धुमसायला लागली तेव्हा घरातली सून माबेल हिनं तिच्यावर पाण्याचा जग ओतला. काकांचा वाइनचा दुसरा ग्लास चालू होता, म्हणून सगळ्यांनी दोष वाइनला दिला. वाइन बिचारी काय बोलणार.

विषय सोमवारचा चालला होता. सोमवारी सुल्माला राजधानीतल्या, माँटेव्हिडिओच्या एका हॉस्पिटलात न्यायचं होतं. स्तनातला जो कॅन्सर काढून टाकला म्हणून बेंतांकोर कुटुंबानं एके काळी आख्ख्या गल्लीला जेवण घातलं होतं, तो कुठेच गेला नव्हता. मणक्यात आणि उजव्या खुब्यात बिऱ्हाड करून बसला होता. त्यावरच्या एका नव्या औषधाची चाचणी चालू होती. तिच्यात शेवटची एक जागा उरली होती आणि ती सुल्मासाठी धरून ठेवली होती. रक्त पाहून झालं होतं, हृदय पाहून झालं होतं. आता फक्त तोंड उघडून दात दाखवायचे होते. दात ठणठणीत हवेत, तोंडात जखम नको, अशी अट होती. आणि सुल्माच्या तोंडातलं एकेक फिलिंग नेल्सनकाकांच्या हातचं. ते तिचे धाकटे दीर, आणि त्यांच्या साल्तो गावातल्या निम्म्या जबड्यांचे डेंटिस्ट, आता निवृत्त.

"दात टिकतील हो काका," वॉशिंग्टन म्हणाला. "पण माझ्या फासळ्या खायला दात लागतातच कुठे? हिरड्यांनी खा."

वॉशिंग्टन सुल्माचा थोरला. टायरचं दुकान आणि टायरसारखंच पोट, त्यामुळे घरात सगळे त्याला जाड्या म्हणत. तो पहाटेपासून निखाऱ्यांपाशी बसला होता. गुड फ्रायडेला मांस भाजायचं ही बेंतांकोरांची रीत. आजोबांनी ती, त्या दिवशी मांस वर्ज्य म्हणणाऱ्या पाद्र्याला चिडवायला सुरू केली. पाद्री गेला, आजोबा गेले, चिडवणं राहिलं. सरकारनंही या आठवड्याला पर्यटन सप्ताह असं नाव दिलंय, त्यामुळे देवासकट सगळा देश रजेवर असतो. वॉशिंग्टनची बायको माबेल तेवढी भाविक. ती दिवस उगवायच्या आत माळावर जाऊन मार्सेला या औषधी झुडपाची पिवळी फुलं तोडून आली होती, कारण उन्हं पडल्यावर तोडली तर गुण येत नाही. आता ती स्वयंपाकघरात एकटीपुरता खारवलेला मासा शिजवत होती.

इरिस, सुल्माची धाकटी, आईशेजारी बसून तिच्यासाठी मांसाचे तुकडे करत होती. सगळे एका मापाचे. स्तनाचा कॅन्सर हाडात उतरला की त्यावर कोणतं औषध चालेल, या एका प्रश्नात तिनं आपली चांगली वर्षं घातली होती. आताच्या औषधाचे पहिले उंदीर तिच्याच प्रयोगशाळेतले. आईची निवड मात्र दुसऱ्या डॉक्टरांनी केली होती. निवड चालू असताना इरिस हॉस्पिटलातल्या त्या मजल्यावर फिरकलीसुद्धा नव्हती. नियम म्हणजे नियम.

"मला हाडाची फासळी दे," सुल्मा म्हणाली.

"आई, हे मऊ आहे बघ."

"मऊ तुझ्या उंदरांना घाल. मला चावायचंय."

वॉशिंग्टन हे ऐकून असा फुलला की त्यानं सगळ्यात मोठी फासळी आणून आईच्या हातात दिली. सुल्मानं ती दोन्ही हातांनी धरली आणि डोळे मिटून दात रोवले.

वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला.

सगळ्यांनी तिच्या खुब्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की हे हाड बसल्याजागी, काही कारण नसताना मोडू शकतं. वॉशिंग्टनच्या हातातला चिमटा तसाच राहिला. माबेल दारात आली आणि दारातच थांबली. सुल्मासुद्धा मान खाली घालून आपल्याच खुब्याकडे बघत होती, कळ यायची वाट बघत असल्यासारखी. कळ आली नाही. मग तिनं दोन बोटं तोंडात घातली, अर्धी दाढ बाहेर काढली आणि फळीवर फासळीच्या शेजारी ठेवली.

"दाढ आहे," ती म्हणाली. "खुबा जागेवर आहे."

वॉशिंग्टनला हसू फुटलं ते थांबेना. काका हसले. माबेलनं छातीवर क्रूस काढला आणि तीही हसली. मग दोघा पुरुषांना आपापली फुशारकी आठवली. काकांनी विचारलं, जाड्या, गाय भाजलीस की दुकानातला माल? वॉशिंग्टन म्हणाला, मांस लोण्यासारखं आहे, काकांनीच दाढेत खडू भरला असेल. माबेलनं दारातून सांगितलं की आजच्या दिवशी मांस खाल्ल्यावर आणखी काय होणार. त्यावर दोघंही तिच्या अंगावर गेले. आईच्या तोंडात अर्धी दाढ उरली आहे हे काही काळ कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही.

इरिस हसली नव्हती. तिनं मोबाइलचा दिवा लावून आईचं तोंड उघडायला लावलं. डावीकडे खाली, मागून दुसरी. भिंत पडलेली, आतला लालसर ठिपका दिसत होता. तिनं दिवा बंद केला.

"सोमवारचं गेलं," ती म्हणाली.

मग तिला समजावून सांगावं लागलं. ती विद्यार्थ्यांना सांगायची तसंच सांगायला लागली, कारण दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं सांगितलं असतं तर तिला रडू फुटलं असतं. हाड म्हणजे दगड नव्हे. तिथं कायम दोन टोळ्या कामावर असतात. एक जुनं हाड खाऊन काढते, दुसरी नवं भरते. कॅन्सर तिथं शिरला की खाणाऱ्यांना लाच देतो. ते जास्त खातात, त्यातून जे सांडतं त्यावर कॅन्सर पोसतो आणि आणखी लाच देतो.

"म्हणजे आपली नगरपालिका," वॉशिंग्टन म्हणाला.

हाडांचं जे नेहमीचं औषध सलाईनमधून देतात ते खाणाऱ्यांचे हात बांधतं. नवं औषध त्याच्या जोडीला, ते लाचच थांबवतं. निदान उंदरांमध्ये थांबवतं. पण दाढ काढल्यावर जबड्यातला खड्डा नीट भरायला तेच खाणारे लागतात. त्यांचे हात बांधल्यावर दाढ काढली तर जखम भरत नाही, हिरडी मिटत नाही, जबड्याचं हाड उघडं पडतं आणि सडतं. म्हणून आधी दात, मग औषध. आता दाढ काढली तर सोमवारी तोंडात जखम. नाही काढली तर तोंडात तुटकी दाढ. दोन्हीकडून जागा दुसऱ्याला जाणार.

"आणि नेहमीचं औषध?" माबेलनं विचारलं.

"तेही हिरडी मिटल्यावरच. ते मिळेल. नवं मिळणार नाही."

नेल्सनकाका एवढा वेळ आपल्या ग्लासात बघत होते. त्यांनी ग्लास खाली ठेवला. "मी वरून सिमेंट भरतो," ते म्हणाले. "रंग जुळवून. सोमवारी कुणाच्या बापाला कळणार नाही."

वॉशिंग्टन लगेच त्यांच्या बाजूला गेला. आत्ता त्याच माणसाच्या हाताला त्यानं खडू म्हटलं होतं, आता तोच हात सोन्याचा झाला. त्यानं काकांचा ग्लास भरला. माबेल म्हणाली की खोटं बोलून घेतलेलं औषध अंगी लागत नाही. इरिस म्हणाली की वहिनीचं बरोबर आहे. हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं. पोरांच्या बाप्तिस्म्यावरून झालेल्या भांडणापासून या दोघी एकमेकींशी फक्त मिठाबद्दल बोलत. माबेल इतकी दचकली की तिनं नणंदेचा हात धरला.

"तुला आईपेक्षा तुझी चाचणी प्यारी आहे," वॉशिंग्टन म्हणाला.

इरिसला खरं तर सांगायचं होतं की चाचणीत खोटं शिरलं तर ते पुढे कुठल्या तरी अनोळखी बाईच्या हाडापर्यंत जातं. पण तोंड उघडता उघडता तिची नजर आईच्या हातांवर गेली. आई खुर्चीच्या दांड्या घट्ट धरून बसली होती, तेवढाच उठण्याचा आधार असल्यासारखी.

"काका," तिनं हळूच विचारलं, "सिमेंट किती टिकेल?"

माबेलनं तिचा हात सोडला.

काका म्हणाले, टिकेल, पण मूळ आतून कुजेल, मग ठणकेल, मग काढावीच लागेल. म्हणजे औषध अंगात असताना? वॉशिंग्टननं विचारलं. काकांनी होकारार्थी मान हलवली. मग वॉशिंग्टनला सडलेला जबडा कसा दिसतो ते बघायचं होतं. इरिसनं त्याला मोबाइलवर एक फोटो दाखवला. तो उठून संत्र्याच्या झाडामागे गेला आणि परत आला तेव्हा त्याचा रंग उतरला होता. नको, काढून टाका, जागा गेली तर गेली, असं म्हणत तो माबेलच्या शेजारी जाऊन बसला. आता सिमेंटच्या बाजूला इरिस आणि काका उरले, सत्याच्या बाजूला माबेल आणि जाड्या. इतक्यात जाळीवरच्या उरलेल्या फासळ्या करपल्या. सकाळपासूनच्या मेहनतीचा कोळसा झालेला वॉशिंग्टननं पाहिला, पण त्याला वाईट वाटायलाही सवड नव्हती.

"जबडा माझा आहे," सुल्मा म्हणाली. "कुणी मला विचाराल का?"

तिनं सगळ्यांना आत पाठवलं आणि इरिसला थांबवलं. पोकळ भोपळ्याच्या पेल्यात येर्बा, म्हणजे कडू चहाची पानं, भरायला लावली, थर्मासमधलं पाणी ओतायला लावलं. पहिला घोट तिनं उजव्या गालात धरला. येर्बात माबेलनं गुपचूप मार्सेला कोंबली होती. सुल्माला चव कळली. तिनं नेहमीसारखंच न कळल्याचं दाखवलं.

"तुझे उंदीर," ती म्हणाली. "बरे झाले का?"

"नाही."

"मग?"

"वेळेवर मेले, आई. औषध दिलेले आणि न दिलेले साधारण सारखेच. पण दिलेल्यांची हाडं..." इरिस थांबली. परिषदेत याच हाडांच्या फोटोंना टाळ्या पडल्या होत्या. "हाडं फार सुंदर होती. एकही मोडलं नव्हतं."

"चालत होते?"

"शेवटपर्यंत. बहुतेक सगळे."

सुल्मानं भोपळा परत दिला. पुढच्या खोलीचा दरवाजा उघडा होता. तिथं तिची सासू खुबा मोडून पडली होती, आणि सुल्मानं तिला वर्षानुवर्षं कुशीवर वळवलं होतं, एका अंगावर भाजू नये म्हणून जाळीवर मांस वळवावं तसं. म्हातारी शेवटी शेवटी भिंतीकडे तोंड करून विचारायची, अजून किती आहे. सुल्मा म्हणायची, थोडंच. ते खोटं होतं आणि दोघींना माहीत होतं.

"मला जगायची एवढी घाई नाही," सुल्मा म्हणाली. "पण मला जाड्याच्या बायकोनं वळवायला नको. ती वळवेल, प्रेमानं वळवेल. तेच नको. मला संडासला माझ्या पायांनी जायचंय, जाईन तोवर. ते तुझं औषध देत असेल तर मला ते हवंय. पण चोरून नको. चोरून घेतलं आणि तोंड सडलं, तर तू मला कुठल्या खोक्यात टाकशील? औषध लागू पडलं त्या, की नाही त्या?"

इरिसला रडू आलं. सुल्मानं तिला रडू दिलं, आणि मग चाचणीतली जागा ज्यांच्या हातात आहे त्या डॉक्टरांना फोन करायला सांगितलं.

डॉक्टर ओल्मेदो सगळ्या देशासारखे समुद्रावर होते. फोनमध्ये लाटा ऐकू येत होत्या आणि कुणीतरी त्यांना छत्री नीट रोवायला सांगत होतं. इरिसनं काहीही न लपवता दाढेचं सांगितलं. ते म्हणाले की चाचणीची नोंदणी महिनाअखेर बंद होते, तोवर जागा रिकामी ठेवणं त्यांच्या हातात आहे. दाढ आजच निघाली, स्वच्छ निघाली, तर तोवर हिरडी मिटेल. अगदी जेमतेम. पुढच्या आठवड्यात काढून चालणार नाही, दिवसच पुरणार नाहीत. पण आज गुड फ्रायडे, आज साल्तोमध्ये डेंटिस्ट कुठून आणणार?

"माझे काका डेंटिस्ट आहेत," इरिस म्हणाली. "शेजारीच राहतात."

दवाखाना बंद केल्याला काळ लोटला, हे तिनं सांगितलं नाही. फोन ठेवताना तिला तो निखारा आठवला. वाइन, तिनं स्वतःला सांगितलं. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नसतो.

बातमी ऐकून घरात दिवाळी झाली म्हणतात तशी झाली. वॉशिंग्टननं काकांना मिठी मारली. माबेलनं माशाचं पातेलं रिकामं केलं, घासलं आणि त्यात काकांची हत्यारं उकळायला टाकली. तरी त्यांना माशाचा वास येतच राहिला. काकांना कडक काळी कॉफी पाजण्यात आली. भुलीची इंजेक्शनं त्यांच्या फ्रिजमध्ये पेरूच्या मुरंब्याशेजारी होती, कारण निवृत्तीनंतरही शेजारीपाजारी अडीनडीला यायचे. हल्ली येईनासे झाले होते. का, ते कुणी विचारलं नव्हतं.

काकांना ते ठाऊक होतं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि डावाही त्याच वाटेवर होता. माणसं त्यांना चालण्यावरून कळत, पेले आवाजावरून. शस्त्रक्रियेची तारीख मिळाली होती, ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. निखारा सॉसेज नाही हे त्यांना माबेलनं पाणी ओतल्यावर समजलं होतं. आता सांगावं असं त्यांना वाटलं. शेजारी काकांच्या गॅरेजमध्ये संत्र्यांच्या पेट्यांखालून वॉशिंग्टननं दवाखान्यातली जुनी खुर्ची ओढून काढली, तेव्हा वाटलं. सुल्मा त्याच्या खांद्यावर हात ठेवून एकेक पाऊल टाकत आली, तेव्हाही वाटलं. पण ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "नेल्सन, तू आहेस म्हणून मला भीती नाही." भावाच्या लग्नाआधी, ती नवरी व्हायच्या आदल्या आठवड्यात, याच खुर्चीत तिनं हेच म्हटलं होतं. तेव्हापासून तिचं तोंड एवढीच तिच्यातली एक जागा त्यांची होती. हे तोंड मला बोटांनी पाठ आहे, त्यांनी स्वतःला सांगितलं. अंधारातसुद्धा काढीन.

अंधार नव्हता. दुपारचं लख्ख ऊन दारातून आत येत होतं आणि सगळं पांढरं करत होतं.

"दुखलं तर हात वर कर," काका म्हणाले.

भूल चढली. त्यांनी बोटानं चाचपलं. मागून एक, दोन. कडा खरखरीत लागली. जवळच्याच दाढेवर त्यांनी स्वतः बसवलेलं जुनं चांदीचं फिलिंग होतं, तेही खरखरीत लागायचं. पकड लागली. सुल्मानं हात वर केला.

"नुसता दाब आहे तो," काका म्हणाले. "हात खाली घे."

तिनं हात आणखी वर केला. वॉशिंग्टननं तो हातात घेतला आणि थोपटत राहिला. माबेल दाराशी पुटपुटत प्रार्थना करत होती. इरिसनं पाठ फिरवली होती, कारण उंदरांशिवाय कुणाचंही काही काढताना तिला बघवत नसे. एक करकर झाली, मग एक ओला आवाज, आणि काका मागे सरले. घामाघूम झाले होते, पण हात थरथरला नव्हता.

"स्वच्छ निघाली," ते म्हणाले. "मुळासकट."

वॉशिंग्टननं दाढ नळाखाली धुतली आणि बशीत घालून इरिससमोर धरली. इरिसनं ती उन्हात नेऊन पाहिली. दोन्ही मुळं सरळ होती. कुठे चीर नव्हती, कीड नव्हती, चांदीचं फिलिंग जागच्या जागी चमकत होतं. काकांनी सकाळी सांगितलं होतं ते खरं होतं, ती दाढ आणखी दहा वर्षं सहज टिकली असती.

तिनं आईच्या तोंडातला बोळा काढला. खड्ड्याच्या शेजारी तुटकी दाढ होती. काकांनी आपले हात डोळ्यांजवळ नेऊन पाहिले, खिशात घातले आणि ते परत बाहेर काढायला नकार दिला. साल्तोमधले बाकीचे डेंटिस्ट रजेवरून सोमवारी येणार होते, आणि तेव्हा दाढ काढून हिरडी मिटायला दिवस पुरणार नव्हते.